आरतीचे शंभर सेकंद

जुन्या अमेरिकन प्रेमपटांबद्दल सुप्रभाला जेवढं ठाऊक होतं तेवढं कॉव्हेंट्रीतल्या एकाही मराठी बाईला ठाऊक नसेल, आणि त्याचं कारण हौस नव्हती, नोकरी होती. बर्मिंगहॅमला डिग्बेथमध्ये रेल्वेच्या कमानींखाली एक कंपनी शाळांना, चर्चच्या हॉलना, तुरुंगांना आणि फिल्म सोसायट्यांना सोळा मिलिमीटरच्या फिल्मा भाड्यानं द्यायची. गेलेली रिळं परत आली की पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासावी लागत. ते काम सुप्रभाचं. सकाळची सात चाळीसची ट्रेन पकडायची, डाव्या हातात पांढरा सुती मोजा चढवायचा, आणि अंगठा व पहिलं बोट यांच्यामधून फिल्म सरकवत बसायचं. कडेचं फाटलेलं भोक, सुटत आलेला जोड, सगळं बोटाला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर. चौदा वर्षं तिनं हे केलं.

त्यामुळे चाळीसेक काळेपांढरे प्रेमपट तिनं इतक्या वेळा पाहिले होते की मोजदाद नाही. एका छोट्या चौकोनी काचेवर, आवाजाशिवाय, आणि पुष्कळदा शेवटाकडून सुरुवातीकडे. शेवटाकडून पाहिलं की दोघं आधी मिठीत असायची, मग भांडायची, मग एकमेकांना ओळखेनाशी व्हायची. हे तिला जास्त पटण्यासारखं वाटायचं. तो वर्तमानपत्रात कामाला, ती कुणा कोट्यधीशाची मुलगी किंवा विधवा, आणि दीड तास भांडण कशावरून तर एका टोपीवरून. एवढी फुरसत असलेली माणसं तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

या माणसांच्या घरी दार उघडायला कुणीतरी असायचंच. काळी मोलकरीण कोट घ्यायची, डोळे फिरवून एक विनोदी वाक्य टाकायची आणि आत जायची. स्टेशनवर सामान उचलायला काळा हमाल, स्वयंपाकघरात चिनी आचारी. एका हॉटेलात तर फेटेवाला हिंदुस्थानी वेटर होता, ज्याचा तपकिरी रंग कॉलरपाशी संपत होता. यांच्यापैकी कुणालाही घर नसायचं. कुणी त्यांना जेवलात का विचारायचं नाही, आणि प्रेमात पडण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रेम करायचं ते ज्यांच्यासाठी दार उघडलं जातं त्यांनी. खरं सांगायचं तर चौदा वर्षांत सुप्रभाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. तिला पगार मिळायचा तो फिल्मची भोकं तपासायचा, माणसं तपासायचा नव्हे.

ध्यानात आलं ते चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात. पण त्याआधी घरचं सांगायला हवं.

तिची एकुलती एक मुलगी मंजिरी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर होती. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये तिनं त्याच हॉस्पिटलाच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या ट्रेव्हरशी रजिस्टर लग्न केलं. ट्रेव्हर हँड्सवर्थमध्ये जन्मलेला, आईवडील जमैकाहून आलेले. उंच, किडकिडीत, चष्मा लावणारा, आणि क्रिकेटवर कुणी विषय काढला तरच बोलणारा. लग्नाच्या दिवशी मंजिरीचे वडील, डॉक्टर शशिधर, ऑन कॉल होते. कॉल आला नाही. सुप्रभा पैठणीवर ओव्हरकोट घालून एकटी गेली, साक्षीदार म्हणून सही केली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परत आली.

भांडण असं झालंच नाही. त्या घरात भांडणं होत नसत, विषय बंद होत. मंजिरी घरी येईनाशी झाली, शशिधर तिचं नाव काढेनासे झाले. आणि दादरला नणंदेला, नंदाताईंना, दर महिन्याला पत्र जायचं ते सुप्रभाच्या वळणदार अक्षरात: मंजिरीचं काम जोरात आहे, सध्या लग्नाचं मनावर घेत नाही. नंदाताई ते पत्र सगळ्या नातेवाइकांत वाचून दाखवायच्या. दीड वर्षात अशी अठरा पत्रं गेली.

शशिधर कॉव्हेंट्रीच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाचा एक रिवाज होता. गणपतीच्या विसर्जनाच्या रविवारी शेवटच्या आरतीचं ताट त्या वर्षी लग्न झालेल्या जोडप्याच्या हातात द्यायचं. त्र्याऐंशी साली असं जोडपं एकच होतं. मंजिरी आईच्या शब्दाखातर ट्रेव्हरला घेऊन आली होती आणि दोघं दारापाशी कोट हातात धरून उभी होती. कमिटीतली माणसं छताकडे पाहू लागली. तेव्हा माई पुढे झाल्या. माई म्हणजे सेक्रेटरी विष्णूच्या आई, एक्याऐंशी वर्षांच्या, मंडळात सगळ्यांत वडील. या वर्षीची नवी जोडी आहे ना, मग तिथे लांब काय उभी, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, ट्रेव्हरला वाकायला लावून त्याच्या डोक्यावर कुणाची तरी टोपी बसवली आणि ताट हातात दिलं. शशिधरना नेमकं तेव्हाच बाहेरचं पार्किंग बघायची आठवण झाली. विष्णू त्या वेळी लेस्टरहून जेवणाची पातेली घेऊन वाटेत होता. आणि राजीव नावाचा एक तरुण डॉक्टर आपला सिनेकॅमेरा घेऊन हलेल ते टिपत होता. त्यानं आरतीही टिपली, आवाजासकट. आरती संपल्यावर माईंनी ट्रेव्हरचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, मग त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. तेही टिपलं गेलं. फेब्रुवारीत माई वारल्या.

चौऱ्याऐंशीच्या शेवटी मंडळाला पंधरा वर्षं होत होती. राजीवच्या तीन वर्षांच्या रिळांतून एक चाळीस मिनिटांची फिल्म करायची, संक्रांतीच्या मेळाव्यात दाखवायची आणि तिची व्हिडिओ कॅसेट दादरला पाठवायची असं ठरलं. तिथे एक हॉल घेऊन सगळ्यांचे आईवडील, भाऊबहिणी एकत्र बसून ती पाहणार होते. फिल्म जोडणार कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं. राजीवनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून रिळं सुप्रभाकडे आणून दिली.

दोन दिवसांनी जेवताना शशिधर ताटातून मान वर न करता म्हणाले की कमिटीची चर्चा झाली, तेवढा तो आरतीचा भाग काढ. तसं काही नाही, पण फिल्म लांबते, तिथे गती मंदावते. विष्णूलाही तसंच वाटतं.

बघते, असं सुप्रभा म्हणाली. आणि खोटं कशाला सांगा, ती ते कापणारच होती. उलट तिला सुटल्यासारखं वाटलं. शंभर सेकंदांचा तर तुकडा, पात्याचे दोन घाव. दादरच्या हॉलमध्ये नंदाताई पहिल्या रांगेत बसलेल्या तिला दिसत होत्या.

त्याच आठवड्यात कंपनीत एक फिल्म तिच्या टेबलावर आली. न्यूयॉर्कमधली एक श्रीमंत विधवा, तिच्या मागे लागलेला एक बातमीदार, आणि डीलिया नावाची काळी मोलकरीण. ब्रिस्टलच्या फिल्म सोसायटीनं डिसेंबरसाठी मागवली होती. कंपनीकडे तिच्या दोन प्रती होत्या. एक चकचकीत, जी सगळीकडे जायची. दुसरी लढाईच्या आधीची, इंग्लंडातच छापलेली, ओरखड्यांनी भरलेली, जी आता भंगारात काढायची होती. भंगारात टाकण्याआधी तिच्यातले दुरुस्तीला उपयोगी पडतील असे तुकडे बघून ठेवायचे, एवढंच काम. सुप्रभाला पहिल्यांदा जाणवलं ते हे की जुनीचं शेवटचं रीळ नवीपेक्षा जाड आहे.

चकचकीत प्रतीत शेवटाकडे एक गंमत होती. दाराची बेल वाजते आणि विधवाबाई स्वतः एप्रन बांधून दार उघडायला येते. बातमीदार बघतच राहतो, प्रेक्षक हसतात. तिनं एप्रन का बांधला, डीलिया कुठे गेली, हे कुणी विचारत नसे. डीलिया त्यानंतर फिल्ममध्ये दिसतच नसे. सुप्रभानंही चौदा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

जुन्या प्रतीत त्याचं उत्तर होतं. चार मिनिटांचा प्रसंग. त्यात डीलियाला खोली होती. खोलीत पलंग, भिंतीवर कुणा म्हातारीचा फोटो, खिडकीत कुंडी. मागच्या दाराशी समोरच्या इमारतीतला लिफ्टवाला कोटाला फूल लावून उभा होता. डीलिया त्याच्याकडे बघून हसली, आणि ते डोळे फिरवून केलेलं हसणं नव्हतं, सबंध चेहऱ्यानं हसली. मग ती स्वयंपाकघरात बाईसाहेबांसमोर गेली, स्वतःचा एप्रन सोडला, बाईसाहेबांच्या कमरेला बांधला, गाठीवर एक थाप मारली आणि लिफ्टवाल्याच्या हातात हात घालून निघाली. फुटपाथवर दोघं पाचसहा पावलं नाचली. तिथे प्रसंग संपला.

सुप्रभानं तो तीनदा पाहिला. मग चकचकीत प्रत पुन्हा घेतली आणि ती जागा बोटाखालून हळूहळू सरकवली. जोड लागला नाही. कसा लागेल? प्रसंग मुळातूनच काढून टाकून मग नवी प्रत छापलेली होती. अमेरिकेत काही गावांमधून काळ्या माणसांची प्रेमं पडद्यावर चालत नसत, हे तिनं कामावर ऐकलं होतं. प्रत्यक्ष हाताला आलं ते आज. मुळातून काढलं की बोटाला काही कळत नाही, बघणाऱ्यालाही कळत नाही, आणि एक सबंध बाई नाहीशी होते. नुसता एप्रन मागे राहतो.

तिनं मोजा काढून टेबलावर ठेवला. अठरा पत्रांतून मुळातून काढलेली मुलगी तिचीच होती. कापणारी तीच होती, आणि हात इतका सराईत की दादरला एकदाही कुणाच्या बोटाला काही लागलं नव्हतं. तिला लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, तो आधी स्वतःचा आणि मग सगळ्यांचा.

मॅनेजर प्रिचर्ड वाईट माणूस नव्हता. ब्रिस्टलच्या प्रतीत ही चार मिनिटं घालते, असं तिनं त्याला सांगितलं तेव्हा सँडविच खाता खाता तो म्हणाला की कॅटलॉगमध्ये एक्याण्णव मिनिटं लिहिली आहेत, आणि शिवाय अशा प्रसंगांनी चित्राची गती मंदावते. गती मंदावते हे शब्द आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं हातातलं रीळ खाली ठेवलं. मोलकरणीला बघायला कुणी पैसे देत नाही, सू, असं वर तो समजुतीनं म्हणाला.

"माझं नाव सुप्रभा आहे," ती म्हणाली. "आणि तिला बघायचे पैसे मला चौदा वर्षं मिळतायत. काढायचं असेल तर तुम्ही काढा."

प्रिचर्डला पातं धरता येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. सुप्रभानं प्रसंग जोडला, डब्याच्या कार्डावर एक्याण्णव खोडून पंचाण्णव लिहिलं आणि प्रत ब्रिस्टलला रवाना केली. तक्रार आली नाही. आली असती तरी तिनं तोच जोड पुन्हा केला असता.

शनिवारी तिनं जेवणाच्या टेबलावर फिल्म बघायचं छोटं व्ह्यूअर मांडलं आणि शशिधरना सांगितलं की आरती राहणार. आधी ते हसले, मग समजावू लागले. इथल्या लोकांचं ठीक आहे, इथे सगळ्यांना माहीतच आहे, पण कॅसेट दादरला जाणार. म्हातारी माणसं आहेत. त्यांना धक्का कशाला द्यायचा? मंजिरीला घराबाहेर काढलंय का कुणी? नाही ना? फक्त फिल्ममध्ये नको, एवढंच.

"दादरला काय सांगायचं, ते सांग मला," शेवटी ते म्हणाले.

"जे आहे ते."

"लोक काय म्हणतील याचा काही विचार केलायस का तू?"

सुप्रभा उठली आणि तिनं त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडून एक पुस्तिका काढली. त्यांच्या हॉस्पिटलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ती निघाली होती. तिच्यात सगळ्या डॉक्टरांचा फोटो होता. पुढे बसलेल्या पाच कन्सल्टंटांची नावं छापलेली होती, आणि मागच्या रांगेत उभे राहिलेल्यांसाठी शेवटी दोन शब्द होते: आणि इतर. शशिधर मागच्या रांगेत डावीकडून तिसरे होते. वीस वर्षं त्यांनी तिथे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली होती.

"ही आली तेव्हा दोन दिवस तुम्ही नीट जेवला नव्हतात," ती म्हणाली. "मी काही बोलले नव्हते. आज बोलते. ट्रेव्हरला तर इतरांतसुद्धा ठेवायचं नाही म्हणता तुम्ही."

"That's completely different."

"काय different आहे?"

त्यांनी पुस्तिका हातातून घेतली, खणात ठेवली आणि विष्णूला फोन केला.

विष्णू रविवारी सकाळी वहिनींची समजूत घालायला आला. मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, मऊ बोलणारा, आईच्या माघारी अजून सावरला नव्हता. सुप्रभानं वाद घातला नाही. चहा दिला, व्ह्यूअरसमोर बसवलं आणि हँडल फिरवलं. त्या चौकोनी काचेवर आरती सुरू झाली आणि थोड्या वेळानं माई आल्या. चालत, पदर सावरत, कुणाला तरी बाजूला हो म्हणत.

विष्णूला हे असं काही आहे याची कल्पनाच नव्हती. आईनं ताट दिलं हे त्यानं ऐकलं होतं, आरती टिपली आहे हेही माहीत होतं, पण त्या रिळात आईसुद्धा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईचे फोटो त्याच्याकडे होते, हलणारी आई ही एवढीच. त्यानं ते चार वेळा पाहिलं. चष्मा काढून पुसला. शशिधर खिडकीशी उभे होते, त्यांनी पाठ वळवली. सुप्रभाला वाटलं, वाद मिटला. मग विष्णू अगदी हलक्या आवाजात बोलला.

"वहिनी, फक्त आईचा भाग ठेवता येईल का? त्याला सोडून?"

एवढा संताप सुप्रभाला आयुष्यात आला नव्हता. पण हात स्थिर ठेवायची सवय चौदा वर्षांची. तिनं हँडल मागे फिरवत नेमक्या चौकटीवर आणून थांबवलं. माईंचे दोन्ही तळवे आणि मध्ये ट्रेव्हरचा चेहरा. मग फिल्म कापायचं पात्याचं यंत्र तिनं टेबलावरून विष्णूपुढे सरकवलं.

"कुठे कापू, भावजी? हे माईंचे हात, हा त्याचा चेहरा. माईंनी धरलंय ते सोडवायचं असेल तर तुम्ही सोडवा. माझ्या हातानं होणार नाही."

विष्णूनं यंत्राला हात लावला नाही. त्यानं उठून कोट घातला आणि एवढंच म्हणाला की असं असेल तर फिल्म दाखवायची की नाही याचाच कमिटीला विचार करावा लागेल. चहा तसाच राहिला.

सुप्रभानं फिल्म जोडून पूर्ण केली. आरती ठेवायची आणि चाळीस मिनिटांतही बसवायचं तर दुसरीकडे काटछाट करणं भाग होतं. तिनं अध्यक्षांचं सहा मिनिटांचं स्वागतपर भाषण काढलं आणि कमिटीचा परिचय काढला. यात खुन्नस अजिबात नव्हती असं म्हणता येणार नाही.

मग तिनं मंजिरीला फोन केला आणि संक्रांतीला ट्रेव्हरला घेऊन ये म्हणून सांगितलं.

"आई, पपा असणार तिथे," मंजिरी म्हणाली. "लास्ट टाइम ते पार्किंग बघायला गेले. ट्रेव्हर काय नाही बोलला, पण त्याला समजला होता. मला परत ते सगळा नको."

"फिल्ममध्ये तुम्ही दोघं आहात."

"आम्ही? आरतीचा? तू कट नाही केला?"

"नाही. कापणार होते. नाही कापलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ओके. आम्ही येतो."

मेळावा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी होता, नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर बर्फ, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, सत्तरऐंशी माणसं आणि तिळगुळाचे डबे. कमिटीनं काय ठरवलं ते सुप्रभाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपला प्रोजेक्टर मांडला, वायर भिंतीत घातली. विष्णू आला आणि नेमका त्या भिंतीशी, प्लगला टेकून उभा राहिला. तो तिच्याकडे बघत नव्हता. मंजिरी आणि ट्रेव्हर सगळ्यांत मागच्या रांगेत बसले, कोट अंगावर ठेवूनच. सुप्रभानं दिवे बंद करायला सांगितले.

सहल झाली, दिवाळी झाली, मुलांची नाटकं झाली. अध्यक्षांचं भाषण जिथे यायचं तिथे पोत्याची शर्यत आली. पहिल्या रांगेतले शशिधर खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी पाठीमागे वळून बघितलं. अंधारात सुप्रभा त्यांना दिसली नसावी. मग गणपती आला, हार आले, आणि विष्णूचा हात प्लगकडे सरकल्यासारखा तिला वाटला. तिनं आवाजाचं बटण होतं तेवढं सगळं फिरवलं.

झांजा वाजल्या. आरती सुरू झाली.

पहिल्यांदा पुढच्या दोन म्हाताऱ्या उठल्या. त्यांनी काही विचार केला असेल असं नाही. आरती कानावर आली की आपण बसून राहत नाही, लहानपणापासून पाय आपसूक उभे राहतात. त्यांच्या मागची रांग उठली. खुर्च्या सरकल्या, टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी सूर धरला आणि अर्ध्या मिनिटात सगळा हॉल उभा राहून पडद्याकडे तोंड करून आरती म्हणत होता. कमिटीची माणसं उभी होती. छताकडे बघणारे उभे होते. आणि पडद्यावर, वाकडी टोपी घातलेला, घामेजलेला, चष्म्यावर निरांजनांचा उजेड पडलेला ट्रेव्हर ताट ओवाळत होता आणि मंजिरीचा हात त्याच्या कोपराला होता. हे असं होईल हे सुप्रभाला आधी सुचलं होतं का? थोडं सुचलं होतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

विष्णूही टाळ्या वाजवत होता. माई आल्या तेव्हा त्याच्या टाळ्या थांबल्या, हात तसेच जुळलेले राहिले आणि चेहरा भिजला. प्लग त्याच्या पाठीशी होता, पण तो आता प्लगपासून दोन पावलं पुढे आला होता.

शशिधर एकटे बसून होते. सगळ्या हॉलच्या पाठींमध्ये तेवढी एक खुर्ची भरलेली. शंभर सेकंद किती लांब असतात हे सुप्रभाइतकं कुणाला माहीत नव्हतं. साठ झाले, सत्तर झाले. मग ते उठले. टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मागे बांधून उभे राहिले. ते देवासाठी उठले, लोकांसाठी उठले की जावयासाठी, ते तिला कळलं नाही, आणि त्या क्षणी तिला त्याची पर्वाही नव्हती. ते पार्किंग बघायला गेले नव्हते.

दिवे लागल्यावर तीन कुटुंबं तिळगूळ न घेताच निघून गेली. त्या दोन म्हाताऱ्या मात्र मागच्या रांगेपर्यंत गेल्या आणि ट्रेव्हरला वाकायला लावून त्याच्या तोंडात वडी घातली. विष्णू त्याच्याशी हात मिळवून काहीतरी बोलला, आणि दोघंही चष्मा पुसत होते. शशिधर लांबून मंजिरीला म्हणाले की हवा वाईट आहे, मोटारवे टाळा. दीड वर्षात त्यांनी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

दोघं गाडीतून घरी निघाले. वायपर बर्फ लोटत होते. सिग्नलच्या दिव्यापाशी गाडी थांबल्यावर शशिधर म्हणाले की इथलं झालं ते झालं. कॅसेट दादरला पाठवण्याआधी मात्र शांतपणे पुन्हा एकदा विचार करू.

"कॅसेट शुक्रवारीच पाठवली," सुप्रभा म्हणाली. "एअरमेलनं. नंदाताईंच्या नावावर, पत्रासकट."

दिवा हिरवा झाला. गाडी हलली नाही.

"पत्रात काय लिहिलंस?"

"मंजिरीचं लग्न झालं. तारीख लिहिली, जावयाचं नाव लिहिलं, त्याच्या आईवडिलांची नावं लिहिली. आणि दीड वर्ष आपण तुमच्याशी खोटं बोललो, असं लिहिलं."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. शशिधरनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते.

"आपण?" त्यांनी विचारलं.

"आपण," सुप्रभा म्हणाली. "तुम्हाला मी त्यातून कापलं नाही."